दात खाणे: जंत नव्हे, ताण

झोपेत दात खाणं म्हणजे जंत झालेत, असं अनेकदा म्हटलं जातं, ते मला पटत नाही. जंतांची गोळी इतरही कारणांनी देतातच, पण मोठ्या माणसांत या सवयीमागे बऱ्याचदा ताण असतो. आणि सगळ्यांचे दात करकर वाजतातच असं नाही. बाबा आजारी होते तेव्हा मी दिवसभर, अगदी ऑफिसात काम करतानाही, दातावर दात घट्ट आवळून बसत असे. आवाज नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता नाही, मलाही नाही. सकाळी कानशिलं ठणकायची, ते मी जागरणाचं समजत होते. दाताच्या डॉक्टरांनी आधी गालाच्या आतली पांढरी रेघ आणि जिभेच्या कडेवरचे दातांचे ठसे दाखवले, मग झिजलेल्या दाढा.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ओठ मिटलेले असले तरी वरच्या-खालच्या दातांत साधारण 2 ते 4 मिलिमीटर फट असायला हवी. आत्ता वाचताना बघा, आहे का? रात्री दातांवर लावायच्या नाइट गार्डने, म्हणजे दातांवर बसणाऱ्या कवचाने, दाढा वाचतात, आवळणं मात्र त्याने थांबेलच असं नाही. मला दिवसा दर तासाला जबडा सैल सोडायची सवय लावूनच फरक पडला.