मदत हवी आहे: वसईहून लिस्बनला, बाबांसोबत नऊ रात्री

मंडळी, नमस्कार.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी बाबांना घेऊन पोर्तुगालला जाते आहे. हातात नऊ रात्री आहेत. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, वसईतल्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. उजवा गुडघा त्रास देतो. सपाटीवर तासभर आरामात चालतात, चढ लागला की दर दहा पावलांवर थांबावं लागतं. युरोपला दोघंही पहिल्यांदाच जातोय.

कशासाठी चाललोय ते आधी सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. एका टूरवाल्यांना विचारलं होतं, त्यांनी समुद्रकिनारे आणि वाइनचे कारखाने यांची यादी पाठवली. आम्हाला ते नको आहे.

बाबा तीसेक वर्षं दर हिवाळ्यात सातवी-आठवीच्या मुलांना वसईच्या किल्ल्यात न्यायचे. मीही त्या रांगेत चाललेली आहे. समुद्राकडच्या दरवाजापासून सुरुवात व्हायची. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली, म्हणजे दोनशे पाच वर्षं. बाबा मुलांना विचारायचे, "या दोनशे वर्षांत इथल्या शेतकऱ्याचा सारा कुठे जात होता?" मग स्वतःच समुद्राकडे बोट दाखवायचे. आयुष्यभर ज्या दिशेला बोट दाखवलं, ते टोक त्यांनी कधी पाहिलेलं नाही. मला ते त्यांना दाखवायचं आहे.

आत्तापर्यंत मी जुळवलेलं असं:

लिस्बनमध्ये बेलेमला एक पूर्ण दिवस. जेरोनिमोस मठाचं काम १५०१ मध्ये सुरू झालं, आणि त्याचा मोठा खर्च पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या पाच टक्के करातून भागवला गेला. या कराला तिथे 'मिऱ्याचा विसावा हिस्सा' म्हणत. त्या नक्षीदार खांबांत मलबारची मिरी आहे, हे वाचल्यापासून तो मठ मला वेगळाच दिसायला लागला आहे. वास्को द गामाची समाधीही तिथेच. तो वारला कोचीत, १५२४ च्या डिसेंबरात, आणि अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या.

शेजारीच बेलेमचा बुरूज. त्यावर एक गेंडा कोरलेला आहे, आणि बाबांना तो बघायचाच आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला दिलेला गेंडा १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला जिवंत उतरला होता. तो न पाहता, वर्णन आणि एका कच्च्या रेखाटनावरून ड्यूरर या जर्मन चित्रकाराने केलेलं चित्र युरोपभर गेलं. राजाने गेंडा पुढे पोपला भेट पाठवला, पण इटलीच्या किनाऱ्यापाशी जहाज बुडालं आणि साखळीने बांधलेला तो बिचारा प्राणी त्यात गेला. बाबा वर्गात ही गोष्ट सांगायचे तेव्हा मुलं अगदी गप्प व्हायची.

आता माझे प्रश्न.

तोरे दो तोंबू, म्हणजे त्यांचं राष्ट्रीय अभिलेखागार, तिथे आमच्यासारख्या सामान्य माणसांना जाता येतं का? वसईच्या गावांच्या महसुलाची सोळाव्या शतकातली नोंदवही आहे असं बाबा सांगतात. तीत आमच्या भागातल्या एखाद्या गावाचं नाव डोळ्यांनी पाहता आलं तर त्यांचं सोनं होईल. पोर्तुगीज आम्हा दोघांनाही येत नाही.

सेव्हिल जोडावं का? स्पेनच्या अमेरिकेतल्या साम्राज्याचे बरेचसे कागद तिथे आहेत. दोन साम्राज्यं शेजारी ठेवून पाहता येतील असा माझा विचार आहे, पण प्रवास झेपेल का?

लिस्बन सात टेकड्यांचं शहर म्हणतात. गुडघ्याचं काय करायचं? राहायला कुठला भाग बरा?

आणि एक प्रश्न थोडा वेगळा. तिथली बरीच स्मारकं 'शोधांचा' गौरव करणारी आहेत. ज्यांच्यावर राज्य केलं, ज्यांना गुलाम करून विकलं, ज्यांना धर्मन्यायालयापुढे (इन्क्विझिशन) उभं केलं, त्यांची आठवण जपणाऱ्या जागा आहेत का? त्या पाहिल्याशिवाय परत यायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.

शाकाहाराची अडचण नाही, आम्ही मासे खातो.

प्रतिसाद १

ताई, मी काही वर्षं कामानिमित्त लिस्बनला होतो. गुडघ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर आहे.

आल्फामा किंवा बाइर्रू आल्तूमध्ये घर घेऊ नका. फोटोत सुंदर दिसतात, पण गल्ल्या म्हणजे पायऱ्याच, आणि गुळगुळीत दगडी फरशी पावसात निसरडी होते. बायशा हा खालचा सपाट भाग घ्या. १७५५ च्या भूकंपानंतर पोंबाल या मंत्र्याने हा भाग काटकोनी रस्त्यांनी नव्याने वसवला, म्हणून सपाट आणि सरळ आहे. इमारतीला लिफ्ट आहे का हे लेखी विचारून घ्या. जुन्या इमारतींत बहुधा नसते.

बायशातून चालत नदीकाठी गेलात की प्रासा दु कोमेर्सिउ हा प्रचंड चौक लागतो. माझं ऐकाल तर बाबांना पहिल्या संध्याकाळी तिथेच न्या. जुनी माणसं त्याला अजून 'तेर्रेरू दु पासू', म्हणजे राजवाड्याचं अंगण म्हणतात. राजवाडा तिथे होता आणि त्याला लागूनच 'काझा दा इंडिया'. पूर्वेचा सगळा व्यापार या एका कचेरीतून चाले. मिरी इथे उतरे, हिशेब इथे होत, नेमणुका इथून निघत. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी भूकंप झाला, मागून समुद्राची लाट आली, मग आग लागली. राजवाडा आणि काझा दा इंडिया दोन्ही गेले. आज तिथे पाहायला काही नाही, पाणी आणि मोकळी जागा. तुमचे बाबा वसईच्या दरवाजातून ज्या टोकाकडे बोट दाखवायचे, ते टोक हेच.

बेलेमला १५ नंबरची ट्राम जाते, रस्ता पूर्ण सपाट. सोमवारी मठ आणि बहुतेक सरकारी संग्रहालयं बंद. तुमच्या दिवसांत २५ एप्रिल येतोय, आणि १ मे जवळ आहे. १ मेला मठ बंद असतो. बुरुजात वर चढायला अरुंद गोल जिना आहे, बाबांनी तो नादच सोडावा. गेंडा बाहेरच्या बाजूला, पहारेकऱ्यांच्या कोनाड्याच्या खाली आहे. झिजलाय, पण ओळखू येतो.

२५ एप्रिलला मात्र शहरातच राहा. १९७४ मध्ये याच दिवशी लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली आणि आफ्रिकेतली युद्धं संपण्याची वाट मोकळी झाली. लोक हातात लाल कार्नेशन घेऊन रस्त्यावर येतात. गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला होता, पण पोर्तुगालने ते मान्य केलं या क्रांतीनंतर, १९७४ च्या शेवटी. इतिहासाच्या मास्तरांना साम्राज्याचा शेवट साजरा होताना पाहायला मिळेल.

प्रतिसाद २

अभिलेखागाराबद्दल मी लिहिते, माझा थोडा अभ्यास आहे.

जाता येतं. पासपोर्ट दाखवून वाचक म्हणून नोंदणी करायची. इमारत विद्यापीठाच्या परिसरात आहे, मेट्रोने जाता येतं. पण आधी घरी बसून त्यांची ऑनलाइन सूची धुंडाळा. पुष्कळ कागद स्कॅन होऊन तिथेच आहेत, आणि जो कागद स्कॅन झालाय त्याचं मूळ सहसा हातात देत नाहीत.

बाबा म्हणतात ती नोंदवही बहुधा सिमाँव बोतेल्यूची, १५५४ ची. तो पोर्तुगीज भारताच्या तिजोरीचा अधिकारी होता. गोवा, दीव, वसई, चौल यांचं उत्पन्न कुठून किती येतं याचा त्याने तपशील लावला. वसईच्या भागात गावंच्या गावं येतात, उत्पन्न नाण्यांत आणि भाताच्या मुड्यांत मांडलेलं. आनंदाची गोष्ट ही की ही नोंदवही १८६८ मध्ये लिस्बनला छापली गेली आणि त्या पुस्तकाचं स्कॅन सहज मिळतं. सोळाव्या शतकातलं हस्ताक्षर खुद्द पोर्तुगीज माणसालाही लागत नाही. छापील प्रतीत मात्र भाषा येत नसली तरी गावाचं नाव ओळखता येतं. जाण्याआधी बाबांबरोबर बसून ती यादी मोठ्याने वाचा. स्पेलिंग विचित्र असतील. उच्चारून पाहिलं की गाव कानाला सापडतं, डोळ्याला नाही.

'तोंबू' म्हणजे जमिनींची नोंदवही. ती ज्या बुरुजात ठेवत तो तोरे दो तोंबू. मूळ बुरूज लिस्बनच्या किल्ल्यात होता आणि भूकंपात कोसळला. मानुएल दा माया हा म्हातारा अभियंता तेव्हा अभिलेखागाराचा रखवालदार होता, वय सत्तरीच्या पुढे. त्याने ढिगाऱ्यातून कागद काढून तंबूवजा झोपड्यांत हलवले. आज आपल्याला वसईबद्दल जे वाचता येतं, त्यात या म्हाताऱ्याचा मोठा वाटा आहे.

तिथे 'मोन्सूनची पुस्तकं' म्हणून एक मालिका आहे. जहाजं मार्च-एप्रिलमध्ये लिस्बन सोडत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागत, आणि उत्तरासाठी पुन्हा उलटा वारा सुटायची वाट. राजाने विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर यायला दीड वर्ष लागे. वर्षाचा पत्रव्यवहार त्या वाऱ्याच्या नावाने बांधलेला. पोर्तुगीज 'मोंसाँव' आणि आपला 'मोसम' दोन्ही एकाच अरबी शब्दातून आले. अठराव्या शतकात या मालिकेचे बासष्ट खंड लिस्बनला नेले, बाकीचे पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घातलं ते तिथे. म्हणजे खरा अभ्यास करायचा असेल तर बाबांना गोवा जवळ आहे. लिस्बनला इमारत पाहा, एखादा कागद पाहा, आणि पुरे करा.

सेव्हिल नको. लिस्बनहून सरळ रेल्वे नाही, बसला सहा-सात तास मोडतात. कागद अर्थातच मोलाचे आहेत, पण पर्यटकाला दिसतं ते प्रदर्शनाचं दालन. त्यापेक्षा दोन दिवस तोमारला, त्या जुन्या मठाच्या गावाला, द्या.

प्रतिसाद ३

तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहितोय. असा प्रश्न घेऊन जाणारे कमी भेटतात.

रोसिऊ चौकात राष्ट्रीय नाट्यगृह आहे. त्याच जागी धर्मन्यायालयाचा वाडा होता. गोव्यात १५६० पासून जे न्यायालय चाललं, त्याच्या वरचं हे. चौकाला लागून साँव दोमिंगुश चर्च, आणि चर्चसमोर १५०६ च्या कत्तलीत मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंना जमावाने तीन दिवस मारलं. चर्चच्या आत जरूर जा. विसाव्या शतकातल्या आगीत तडकलेले खांब तसेच ठेवले आहेत. त्या अंगणात संध्याकाळी पश्चिम आफ्रिकेतून आलेली माणसं गप्पा मारत उभी असतात.

दक्षिणेला लागुश आहे. ८ ऑगस्ट १४४४ ला तिथे दोनशे पस्तीस आफ्रिकी माणसं जहाजांतून उतरवली आणि वाटून घेतली. राजाच्या बखरकाराने, झुरारानेच लिहून ठेवलंय की वाटणीत आयांनी मुलांना घट्ट धरून ठेवलं होतं. २००९ मध्ये तिथे वाहनतळासाठी खणताना जुन्या उकिरड्यात दीडशेहून अधिक आफ्रिकी माणसांचे सांगाडे मिळाले, काहींचे हात बांधलेले असावेत अशा अवस्थेत. आता गुलामांच्या बाजाराच्या जागी छोटं संग्रहालय आहे. आपण रोज वापरतो तो 'लिलाव' शब्द पोर्तुगीजांकडूनच आलाय. तिथे उभं राहिल्यावर तो मला पहिल्यांदा ऐकू आला. लिस्बनहून रेल्वेने चारेक तास लागतात, एक रात्र राहावं लागेल.

मी वसईचाच, म्हणून आणखी एक. प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपानी पडदे आहेत, नागासाकीला आलेल्या पोर्तुगीजांचे. ढगळ विजारी, लांब नाकं, मागून छत्र्या धरणारे काळे नोकर. आपला गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला, आई इथली, बाप पोर्तुगीज, आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. किल्ल्यातल्या त्याच्या चर्चची भिंत तुम्ही लहानपणापासून पाहिली असेल. ती आठवून ते पडदे बघा. त्याच संग्रहालयात १५०६ चं सोन्याचं पूजापात्र आहे. आफ्रिकेतल्या किल्व्याकडून वास्को द गामाने वसूल केलेल्या खंडणीचं सोनं आहे ते.

सरांना नमस्कार सांगा. मी त्यांचा विद्यार्थी असण्याची शक्यता बरीच आहे.

धागाकर्ती

तिन्ही प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. 'तेर्रेरू दु पासू'शी आले आणि त्यांनी मला थांबवलं, पुन्हा वाचायला लावलं. काल रात्री आम्ही १८६८ च्या पुस्तकाचं स्कॅन उघडलं. ताई म्हणाल्या तसं मोठ्याने वाचत गेलो. मी अडखळत अक्षरं लावायची आणि बाबांनी डोळे मिटून ऐकायचं. अकराच्या सुमारास ते एका ओळीवर म्हणाले, "थांब, हे आगाशीसारखं लागतंय." आगाशी म्हणजे आमच्या वसईजवळचं गाव. आई झोपेतून उठून बघायला आली.

तर आता ठरलं ते असं: सेव्हिल रद्द. लिस्बन सहा रात्री बायशात, लिफ्ट असलेलं घर. तोमार एक, लागुश दोन. लागुशला बाबा स्वतःहून म्हणाले की दोन रात्री हव्यात, एका दिवसात पाहून उठायची ती जागा नाही.

व्हिसाची कागदपत्रं जमवतेय. तीस हजार युरोंचा प्रवास विमा झाला. बाबांचं उत्पन्न म्हणजे फक्त निवृत्तिवेतन. त्यासाठी बँकेचं सहा महिन्यांचं विवरण आणि पेन्शनचा आदेश पुरेल, की माझं प्रायोजकपत्र वेगळं जोडावं? अलीकडे आईवडिलांना घेऊन कुणी गेलं असेल तर कृपया लिहा. आणि तोमारचा मठ गावाच्या वर टेकडीवर आहे असं दिसतंय. स्टेशनपासून वरपर्यंत टॅक्सी मिळते का?

वसईकर दादा, तुमची शाळेची वर्षं मला व्यक्तिगत निरोपात कळवा. बाबांनी जुन्या हजेरीवह्या जपून ठेवल्या आहेत, ते शोधतो म्हणाले.