यकृत प्रत्यारोपणानंतर बुरशीचा संसर्ग: औषधांची मात्रा आणि घरातली काळजी

प्रश्न (एक आई, कोथरूड):
बिलिअरी अट्रेझियामुळे (तान्ह्या बाळाच्या पित्तनलिका बंद होण्याचा आजार) माझ्या मुलीचे यकृत प्रत्यारोपण झाले असून ती टॅक्रोलिमस (शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून दिले जाणारे औषध) घेते. तिच्या तोंडात पांढरे चट्टे दिसल्यावर डॉक्टरांनी फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू केले आणि टॅक्रोलिमसची मात्रा कमी केली. मात्रा कमी का केली असावी? शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे आणि पावसाने आमच्या भिंतींना ओल आली आहे, त्याचीही काळजी वाटते.

उत्तर (बालरोग विभागातील परिचारिका):
ताई, मात्रा कमी केली हे योग्यच आहे. शरीरातील ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) टॅक्रोलिमसचे विघटन होते, त्यालाच फ्लुकोनॅझोल रोखते, त्यामुळे टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी चढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. आणि, हे पुष्कळदा विसरले जाते, फ्लुकोनॅझोल थांबवल्यावर तीच पातळी उतरून शरीराने नवे यकृत नाकारण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून ते बंद होतानाही रक्ततपासणी कधी करायची, हे आवर्जून विचारा.

उत्तर (प्रत्यारोपण झालेल्या मुलाचे वडील, हडपसर):
तोंडातले चट्टे बहुधा कॅन्डिडा या बुरशीचे असतात. मला अधिक धास्ती अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीची वाटते, कारण बांधकामाच्या धुळीतून त्याचे बीजाणू श्वासावाटे फुप्फुसांत जातात. त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा, तिला कोरड्या खोलीत झोपवा आणि कुंड्यांतली माती उकरू देऊ नका.

उत्तर (परिचारिका):
स्टेरॉईड चालू असल्यास ताप ठळकपणे येईलच असे नाही. त्यामुळे नुसता खोकला, धाप किंवा मरगळ जाणवली तरी त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवा, आणि त्यांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध किंवा काढा देऊ नका.