मदत हवी आहे: आजीचा अर्धवट क्रोशाचा रुमाल दहाव्या फेरीपासून वाटीसारखा होतोय

गुंतागुंत

क्रोशावाल्यांनो, जरा धावा.

माझी आजी मिरजेला असते, वय ८६. गणपतीत गेले होते तेव्हा तिच्या ट्रंकेत एक अर्धवट गोल रुमाल सापडला. २० नंबरचा पांढरा दोरा, नऊ फेऱ्या झालेल्या, साधारण बशीएवढा. सोबत सुई, अर्धा गुंडा, एक वही आणि वहीत घडी घालून ठेवलेला इंग्रजी नमुन्याचा कागद. वहीत आजीच्या अक्षरात पहिल्या नऊ फेऱ्या आहेत: "३ सा, १ खां, पुढच्यात २ खां" अशा (सा म्हणजे साखळी, खां म्हणजे खांब). दहावीपासून वही कोरी. म्हणजे कोरी नाही, तिथून दुधाचा हिशेब सुरू होतो.

मार्गशीर्षात आतेबहिणीचं लग्न आहे. रुमाल पुरा करून रुखवतात ठेवायचा असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलेय.

माझा अनुभव: वर्षभर व्हिडिओ बघून शिकले. चार कोस्टर, बाळंतविड्यासाठी एक कुंची आणि एक ऑक्टोपस (आठपैकी सात पाय सारखे) एवढी कमाई.

तर दहाव्या फेरीपासून मी इंग्रजी कागद वाचून विणतेय. १०, ११, १२ या फेऱ्यांत "टीआर" आहेत, तेरावीत "डीसी" (टाक्यांची इंग्रजी आखूड नावं). कागदावरची टाक्यांची संख्या बरोब्बर येते: १२०, १३२, १४४. तरी कडा वर उचलल्या जातात. बारावी झाल्यावर रुमाल पालथा घातला तर बाळाचं टोपडं होईल इतका खोलगट झालाय. दोनदा उसवलं. हात सैल सोडून पाहिला, इस्त्री फिरवली. इस्त्रीने सपाट होतो आणि चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा वाटी.

आजीला दाखवला. तिला आता बारीक दिसत नाही. बोटांनी चाचपून म्हणाली, "खांब फार उंच झालेत गं, मांडव घालायचाय का?" आणि हसत बसली. पुढे काही सांगेना.

चुकतंय कुठे?

सुईदोरा

हात घट्ट असणार. नवीन लोकांचा असतोच. एक सुई मोठी घे. आजी १.०० मिलिमीटरची वापरत असेल तर तू १.२५ घे.

गुंतागुंत

ताई, आजीच्या सुईवरचा नंबर झिजून गेलाय. मी १.२५ वरच विणतेय, १.५० पण घेऊन पाहिली. वाटीची कढई झाली, बाकी फरक नाही.

लोकलमधला विणकर

दोरा तोच आहे का? २० आणि ४० मिसळले तरी असं होतं, नंबर वाढला की दोरा बारीक होतो. (स्टीलच्या सुयांचंही तसंच, नंबर मोठा तितकी सुई बारीक. दुकानात हमखास गोंधळ.)

बाकी धागा बघून आनंद झाला. मी बदलापूर ते सीएसएमटी रोज विणतो. पहिल्यांदा डब्यात लोक बघत बसायचे, आता "या आठवड्यात काय?" विचारतात. या आठवड्यात पाण्याच्या बाटलीची पिशवी.

गुंतागुंत

दोरा आजीच्याच गुंड्यातला, त्यामुळे तो प्रश्न नाही. बाटलीच्या पिशवीचा फोटो टाका ना दादा.

एक_हौशी

किती सुंदर! विकणार का? किती घेशील?

गुंतागुंत

आजीचा आहे हो, विकायचा नाही.

कोपऱ्यावरची काकू

अंदाज पुरे झाले. अगं गुंतागुंत, तीन गोष्टी कर आणि मग बोलू.

एक, आजीच्या नवव्या फेरीतले खांब मोज. दोन, आजीचा एक खांब आणि तुझा एक खांब खिडकीशी नेऊन नीट बघ. खांबाच्या अंगावर तिरका वेढा दिसतो ना, दोऱ्याचा पीळ असल्यासारखा? आजीच्या खांबावर असे किती आणि तुझ्यावर किती, ते सांग. तीन, दोघींच्या फेरीची उंची पट्टीने मोज.

गुंतागुंत

काकू, केलं. भिंग लागलं.

नवव्या फेरीत १०८ खांब. आजीच्या खांबावर एक तिरका वेढा, माझ्यावर दोन. आजीची फेरी साधारण साडेपाच मिलिमीटर, माझी जवळजवळ साडेआठ.

पण मी कागदात लिहिलंय तेच विणतेय! टीआर म्हणजे सुईवर दोन वेढे घ्यायचे ना? सगळ्या व्हिडिओत तसंच आहे.

एडिसनची वहिनी

मी अमेरिकेत राहते आणि नेमकी हीच ठेच खाल्ली आहे, तुझ्या उलट बाजूने. कागद जरा उघड आणि सांग: घर सोडायला "स्किप" लिहिलंय की "मिस"? सुरुवातीला विणीच्या मापाला "गेज" म्हटलंय की "टेन्शन"?

गुंतागुंत

"मिस २ सीएच" (दोन साखळ्या सोडा) असं आहे. वर टेन्शन पण लिहिलंय. मला वाटलं टेन्शन म्हणजे टेन्शनच, घेऊ नका म्हणून सांगत असतील.

एडिसनची वहिनी

मग तुझा कागद ब्रिटिश आहे आणि तुझे व्हिडिओ अमेरिकन. नावं तीच, टाके वेगळे. अमेरिकन लोक ज्याला डीसी म्हणतात तो आपला साधा खांब. ब्रिटिश त्यालाच टीआर म्हणतात. ब्रिटिशांचा डीसी म्हणजे आपला मुका खांब, अमेरिकेत तो एससी. आणि तू घालतेस तो दोन वेढ्यांचा, म्हणजे अमेरिकन टीआर, तो ब्रिटिश कागदात डीटीआर म्हणून येतो. थोडक्यात, तुझा प्रत्येक टाका एक पायरी उंच झालाय.

कागदावर कुठे एससी दिसला तर तो बहुतेक अमेरिकन. पण जुन्या ब्रिटिश कागदांत कधी कधी नुसत्या सरकत्या टाक्यालाही तेच नाव असतं, म्हणून एका खुणेवर जाऊ नको.

कोपऱ्यावरची काकू

अगदी तेच सांगणार होते, वहिनींनी माझा घास पळवला.

खात्री करायला कुठे जायचीही गरज नाही. आजीची वही हातात आहे ना? वहीतली आठवी फेरी आणि कागदावरची आठवी फेरी शेजारी ठेवून वाच. वहीत "खां" असेल तिथे कागदावर काय आहे?

गुंतागुंत

टीआर.

पहिल्या फेरीपासून नवव्यापर्यंत सगळीकडे. वहीत खां, कागदावर टीआर. आणि सुरुवातीच्या गोलात वहीत "मु.खां" आहे, कागदावर डीसी. दोन महिने दोन्ही एकाच पिशवीत होते आणि मी एकदाही शेजारी ठेवून वाचले नाहीत.

आत्ता आईला फोन केला. ती म्हणाली, आजीला इंग्रजी येत नव्हतं. आजोबा रात्री जेवणं झाल्यावर कागद वाचून दाखवायचे आणि आजी तिच्या भाषेत लिहून घ्यायची. म्हणजे "टीआर" ऐकून तिने खांब लिहिला तो आजोबांच्या जोरावर नाही. नमुन्याचं चित्र बघून तिला कळलं असणार की हा आपला खांब.

आणि "मांडव घालायचाय का"! तिने पहिल्याच दिवशी उत्तर दिलं होतं.

सुईदोरा

आजींना दंडवत. माझा हात-घट्ट सिद्धांत मागे घेते.

निवृत्त गणितशिक्षक

मला विणता येत नाही, सौ. विणते. पण हा प्रश्न भूमितीचा आहे म्हणून दोन ओळी लिहितो.

एक फेरी वाढली की त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते. मग परीघ वाढायला हवा त्या उंचीच्या २π पट, म्हणजे सवासहा पटीच्या आसपास. मुका खांब जेवढा रुंद जवळपास तेवढाच उंच, म्हणून दर फेरीला सहा टाके वाढवले की गोल सपाट राहतो. साधा खांब रुंदीच्या दुपटीएवढा उंच, म्हणून बारा. दोन वेढ्यांचा तिपटीएवढा, म्हणून अठराच्या घरात. आजींचे १०८ म्हणजे नऊ गुणिले बारा. हिशेब चोख आहे. तुम्ही उंची दोन वेढ्यांची ठेवलीत आणि वाढ मात्र बाराचीच केलीत. परीघ कमी पडला, कापडाला वर वळण्यावाचून पर्याय उरला नाही.

उलट चूक केली, म्हणजे वाढ जास्त केली, तर झालर पडते. त्या झालरीचाही गणितात उपयोग झाला आहे. कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिना या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये हायपरबोलिक पृष्ठ, म्हणजे झालरीसारखं सगळीकडे वळत जाणारं पृष्ठ, क्रोशाने विणून दाखवलं. कागदाची प्रतिकृती हाताळली की फाटायची, विणलेली टिकली. वर्गात मुलांच्या हातात देता आली.

लोकलमधला विणकर

सर, माझी झालर पडलेली टोपी मी फेकून दिली. आता कळतंय ती उच्च गणित होती.

कोपऱ्यावरची काकू

सरांचं बरोबर, पण जाळीदार नमुन्यात नुसते खांब मोजून भागत नाही हं. दोन खांबांमधल्या साखळ्याही परिघात जागा घेतात. पुढे जाळी आली की त्या धरून मोज.

आता उसव. घाई करू नकोस, दोरा ओढून गाठ बसली की जुना दोरा तुटतो. उसवलेला दोरा कुरळा होतो. तो पुठ्ठ्यावर गुंडाळ, ओला करून वाळव, सरळ होईल.

गुंतागुंत

अपडेट. तिन्ही फेऱ्या उसवल्या, साध्या खांबांनी पुन्हा घातल्या. दहावीच्या शेवटी मी श्वास धरून टेबलावर ठेवला. पडला तो पडलाच. वर पाण्याने भरलेला पेला ठेवला, डुलला नाही. आजीची नववी आणि माझी दहावी यातली शिवण मात्र ओळखू येते, माझे खांब किंचित डावीकडे झुकतात. ते असू दे.

नवीन पेच: आजीचा गुंडा चौदाव्या फेरीत संपणार. कागदावर अठरा आहेत. त्याच कंपनीचा २० नंबरचा पांढरा आणला, पण तो ट्यूबलाइटसारखा पांढरा आणि आजीचा दुधाच्या सायीसारखा. ब्लीच करू का?

सुईदोरा

ब्लीच अजिबात नको! जुना दोरा कमकुवत होतो. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून रात्रभर भिजव, पाणी बदल, पुन्हा भिजव. चोळू नको, पिळू तर मुळीच नको. टॉवेलमध्ये गुंडाळून दाब. निम्मा पिवळटपणा जाईल, सगळा जाणार नाही.

एडिसनची वहिनी

आणि उरलेला जाऊ देऊ नकोस असं मी म्हणेन. नवीन दोरा शुभ्र आणूच नको, सायीच्या किंवा फिक्या बदामी रंगाचा आण. शेवटच्या चार फेऱ्या मुद्दाम गडद ठेव. जवळचा पांढरा लावलास की जुळवायला गेली आणि जमलं नाही असं दिसेल.

कोपऱ्यावरची काकू

वहिनींना माझं अनुमोदन. फक्त रंग पक्का आहे का ते आधी बघ. वीतभर दोरा पांढऱ्या ओल्या फडक्यात दाबून ठेव, फडक्याला रंग लागला तर तो दोरा नको.

पूर्ण झाल्यावर खळ घालायला विसरू नको. साबुदाण्याची पातळ खळ कर, गाळून घे, नाहीतर जाळीत गुठळ्या अडकतात आणि टाचणीने काढत बसावं लागतं. मोठ्या कागदावर कंपासने वर्तुळ काढ, घड्याळासारखे बारा भाग कर, वर प्लास्टिक, खाली जाड टॉवेल. रुमाल ओला असतानाच समोरासमोरच्या टोकांना टाचण्या लाव: बारा आणि सहा, तीन आणि नऊ, मग मधल्या. टाचण्या स्टीलच्याच. माझ्या नणंदेच्या रुखवताच्या रुमालावर साध्या टाचण्यांचे बारा गंजके डाग पडले होते. सासूबाईंनी त्यावर फुलं भरली. अजून लोक त्या फुलांचं कौतुक करतात.

गुंतागुंत

काकू, हा किस्सा आजीला वाचून दाखवला, खूप हसली. फिका बदामी आणलाय, फडक्याला रंग लागला नाही.

आजीकडे पुन्हा नेला होता, सोळा फेऱ्या झालेला. तिने मधोमध बोट ठेवून कडेपर्यंत नेलं. नवव्या फेरीपाशी थांबली, म्हणाली, "इथपर्यंत मी." मग बाहेर सरकली आणि म्हणाली, "हे बरंय. पण हात डावीकडे पडतो तुझा. आईचाही पडायचा." वही का थांबली ते विचारलं. तेव्हा घरात पहिली म्हैस आली होती म्हणे.

शेवटची शंका: अठराव्या फेरीत कडेला पिको (साखळ्यांची छोटी टोकं) आहेत. कागदावर तीन साखळ्यांचे आहेत, व्हिडिओवाल्या बाई चारचे करतात. कुठले घालू?

कोपऱ्यावरची काकू

तीनचे. चारचे धुतले की लोळतात.