आईच्या ट्रंकेतली लोकर, टोप्या आणि बाहुल्या: कुठे आणि कशा द्याव्यात?

लष्करची लेक, ग्वाल्हेर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय उलगडणार नाही.

आमची आई गेल्या श्रावणात गेली. ८२ वर्षांची होती. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात चार बिऱ्हाडं होती, आणि कुठल्याही घरी बाळ झालं की बाळंतविड्यात आईच्या हातची टोपी, मोजे आणि कुंची असायचीच. दहा नंबरच्या सुया आणि डोळ्यांचा अंदाज, एवढ्यावर तिचं काम चाले. ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी काढलीय त्यांना सांगायला नको. पौषात पारा ४-५ अंशांवर येतो आणि जुन्या दगडी घरांत अंगणापेक्षा माजघरातच जास्त गारठा असतो.

ती गेल्यावर पलंगाखालची ट्रंक उघडली. आत सगळी लोकर. न सोडलेल्या लड्या, अर्धे गुंडे, आणि एका सुईवर टाच वळवायच्या जागी थांबलेला बोटभर मोजा. कसर लागू नये म्हणून मूठभर डांबरगोळ्या टाकलेल्या. झाकण उघडलं तेव्हा तोच वास आला, आणि मला तो आईचाच वास वाटला.

दिवाळीनंतर विणायला बसले. दोन महिन्यांत ४६ टोप्या, ३० जोड मोजे. शिवाय जुन्या सुती साड्यांच्या ११ बाहुल्या. बाहुल्यांची हौस लहानपणापासूनची. आमच्या ग्वाल्हेरला बत्तोबाईच्या कापडी बाहुल्यांचं नाव होतं. अक्षय्य तृतीयेला आम्ही मुली बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचो, आई खऱ्या लग्नासारखी पुरणपोळी करायची. तर माझ्या बाहुल्यांना मी काळ्या बटणांचे डोळे लावले आणि बूड जड राहावं म्हणून पोटात मोहरी भरली.

जानेवारीत टोप्या-मोज्यांची पिशवी घेऊन एका सरकारी रुग्णालयात गेले. नवजात बाळांच्या कक्षाबाहेर सिस्टर भेटल्या. त्यांनी पिशवी उघडली, नाकाशी नेली, पुन्हा गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. "हे आत जाणार नाही, आजी." मी म्हटलं, धुऊन आणते. "नको," म्हणाल्या आणि दार लोटून आत गेल्या. मी तिथल्याच बाकावर बसून रडले. आईलाच कोणी दारातून परत पाठवल्यासारखं वाटलं.

बाहुल्या मुलांच्या एका निवासी संस्थेत दिल्या. तिथे तीनेक वर्षांच्या एका पोरीने बाहुली घेतली, छातीशी धरली, आणि माझ्या डोळ्यांदेखत दातांनी तिचा डोळा ओढून काढला. बटण तोंडात. सांभाळणाऱ्या बाईंनी पटकन बोट घालून काढलं म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन सगळ्या बाहुल्या परत आणल्या.

आता हात थांबलेत, लोकर अजून अर्धी ट्रंक आहे. माझं काय चुकलं आणि पुढे काय करू, हे जाणत्यांनी मोकळेपणाने सांगावं.

निवृत्त सिस्टर, इंदूर

ताई, आधी तुमच्या आईंना नमस्कार. मी २६ वर्षं नवजात बाळांच्या कक्षात काम केलं, म्हणून लिहिते. त्या सिस्टरनी तुम्हाला दोन मिनिटं बसवून कारण सांगायला हवं होतं, ते त्यांचं चुकलं. पण पिशवी परत केली ते अगदी बरोबर केलं.

वास नुसता वास असता तर हरकत नव्हती. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. त्याची वाफ होते, ती कापडात आणि लोकरीत मुरते, आणि बाळाच्या श्वासातून, नाजूक कातडीतून अंगात जाते. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं; ही कमतरता मुलग्यांत जास्त आढळते. त्यांना नॅफ्थलीन बाधलं की तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ इतक्या झपाट्याने चढते की मेंदूला कायमची इजा होऊ शकते. कुठल्या बाळात ही कमतरता आहे ते वरून दिसत नाही. आमच्याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळंधमक बाळ आलं की मी आजीला विचारायची, "दुपटं-झबलं कुठे ठेवलं होतं?" आजीने प्रेमाने जपलेलं, मामाने घातलेलं, त्याच ट्रंकेतलं असायचं. म्हणून ही लोकर तान्ह्या बाळासाठी नको. धुऊन, ऊन देऊनही नको. मोठ्या माणसांसाठी वापरा.

आता काय लागतं ते सांगते. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेली किंवा अडीच किलोच्या आतली बाळं आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर पुरेनात म्हणून हे सुरू झालं. त्याला कांगारू मदर केअर म्हणतात. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर सुरू करा आणि दिवसाचे ८ ते २४ तास ठेवा. त्या वेळी बाळाच्या अंगावर काय असतं? लंगोट, टोपी, मोजे. स्वेटर घातला तर कातडी कातडीला लागायची कशी? लोक हौसेने स्वेटर आणतात आणि ते कपाटात पडून राहतात.

टोपीला गोंडा नको, हनुवटीखाली बांधायच्या नाड्या नकोत, जाळीची नक्षी नको. मोज्याचं आतलं अंग बोट घालून तपासा. रंग बदलताना मागे सोडलेला धागा किंवा एखादा लांब केस बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जातो, रक्त अडतं आणि बोट जांभळं पडतं. बाळ रडत राहतं, मोजा काढेपर्यंत कोणाला कळत नाही. मी हे दोनदा पाहिलंय.

आणि विणायच्या आधी कक्षातल्या इन्चार्ज सिस्टरना भेटा. रिकाम्या हाताने जा. काय कमी पडतंय ते विचारा.

दांडिया बाजार, बडोदा

आम्ही पाचसहा जणी कापडी खेळणी करतो. बटणाचा डोळा ही प्रत्येकीची पहिली चूक असते, माझीही होती. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला निघेल असं काहीच नको. बटण नको, मणी नको, टिकली नको. डोळे, नाक, ओठ सगळं दोऱ्याने भरायचं. खेळण्यांच्या तपासणीत लहान तुकड्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. त्यात जे पूर्ण मावतं ते लहान मुलाच्या घशात अडकू शकतं असं धरतात. जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची प्लास्टिकची डबी साधारण तेवढीच असते, आमच्या शिवणाच्या डब्यात ती कायम पडलेली असते. विकायच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, पण आपण पिशवीत घालून नेतो त्या बाहुल्या कोण तपासणार? आपणच.

मोहरी काढा. शिवण उसवली की दाणे नाकात जातात, आणि पावसाळ्यात पोरकिडे होतात. साधा कापूसही धुतल्यावर गोळा होतो, आत ओला राहून कुबट वास मारतो. पॉलिएस्टरचा फायबर भरा, धुता येतो आणि वाळतो. शिवण बारीक टाक्यांची आणि दुहेरी हवी. मान आणि खांदे जोडले की मी बाहुलीला हाताने धरून लोंबकळवते, दोन्हीकडून ओढते. पोरं बाहुलीला एका हाताने धरून फरफटतच नेतात.

एक सवय लावून घ्या. सुरुवातीला टाचण्या मोजून काढायच्या, उठताना मोजून ठेवायच्या. एक जरी कमी भरली तरी त्या दिवशीची बाहुली बाहेर जात नाही. शेवटी लोहचुंबक फिरवायचं.

क्रोशावेडी

ताई, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचा ऑक्टोपस करून बघा ना. डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालं. बाळ त्याच्या पायांना नाळेसारखं धरतं म्हणे. शंभर टक्के सुती दोरा, आणि पाय ताणून २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत, असा नियम आहे.

निवृत्त सिस्टर, इंदूर

@क्रोशावेडी, आमच्याकडे तो आत घेत नसत. फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही, आणि बाळाच्या पाळण्यात मऊ खेळणं ठेवूच नये असं आम्ही आयांना शिकवत होतो. नाकावर पडलं तर इतकं लहान बाळ मान वळवू शकत नाही. एखाद्या रुग्णालयाने स्वतः मागितला तर जरूर करा, आपण होऊन देऊ नका.

मोरारकर

मी काही वर्षं एका बालगृहाचे हिशेब बघायला जात होतो. पुरुष माणूस, विणकामातलं कळत नाही, पण वाटप कसं होतं ते पाहिलंय. ३४ मुलं आणि ११ बाहुल्या, म्हणजे संध्याकाळी मारामारी. आधी आकडा आणि वयं विचारा, आणि सगळ्यांपुरतं जमेपर्यंत देऊ नका. १२-१४ वर्षांच्या मुलांसाठी कोणीच काही आणत नाही. त्यांना गडद रंगाची साधी कानटोपी हवी असते. फिकट पिवळी दिली तर थंडीत कुडकुडतील पण घालणार नाहीत.

आणि मुलांसोबत फोटो काढू नका, काढले तर कुठेही टाकू नका. संस्थेत राहणाऱ्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार बंदी आहे. कायदा राहू द्या, उद्या ते पोर शाळेत जातं, मोठं होतं. दान घेतानाचा आपला फोटो कोणाला आवडेल?

लष्करची लेक, ग्वाल्हेर

तुम्हा सगळ्यांचे उपकार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण आधी करून बघायचं होतं.

सिस्टरताईंचं उत्तर वाचलं आणि अंगावर काटा आला. ४६ बाळांच्या डोक्यावर मी ते घालायला निघाले होते. आणि वाड्यातल्या इतक्या बाळांना आईने याच ट्रंकेतल्या लोकरीचं घातलं. कोणाला काही झालं नाही, पण तिलाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही. आता भाच्यासुनेचा सातवा चाललाय, तिच्या सासूला फोन करून सांगितलं की जुन्या ट्रंकेतलं एकही दुपटं काढायचं नाही.

रुग्णालयात पुन्हा गेले, रिकाम्या हाताने. त्याच सिस्टर होत्या. मी म्हटलं, मागच्या वेळी का परत पाठवलंत ते आता समजलं, तुम्हाला काय लागतं तेवढं सांगा. त्यांनी मला आत खुर्ची दिली. म्हणाल्या, टोप्या सगळेच आणतात, मोजे कोणी आणत नाही. बाळ पाय झाडतं, मोजा निघतो, चादरीत गुंडाळून धुण्यात जातो आणि एकच परत येतो. घोट्याशी घट्ट बसणारे, एकाच रंगाचे सगळे मोजे द्या, म्हणजे कुठलाही कुठल्याही पायात जाईल! इतकी वर्षं विणतेय, पण हे मला कधी सुचलं नसतं. सगळे पांढरे ठरवलेत. नवी बेबी लोकर आणली, घोट्याला एक सुलट एक उलट अशी दोन इंच पट्टी, बारा नंबरच्या सुयांवर. पहिले ४० जोड पुढच्या सोमवारी न्यायचेत.

बाहुल्यांची बटणं काढली, पोटं उसवली, मोहरी टाकून दिली. डोळे काळ्या दोऱ्याने भरतेय. मोरारकर, संस्थेत २८ मुलं आहेत. ९ मोठे मुलगे, त्यांना गडद निळ्या कानटोप्या. बाहुल्या उरलेल्या १९ जणांना, म्हणजे अजून ८ करायच्यात. तोवर एकही देणार नाही.

आईच्या लोकरीचं असं ठरलं. टोप्या-मोजे सगळे उसवले. लड्या दोनदा धुऊन गच्चीवर दोरीला टांगल्या, आठ दिवस ऊन दिलं, वास गेला. आता ४२ टाक्यांचे चौकोन विणतेय, एक साधारण १५ सेंटिमीटरचा. आडवे ८ आणि उभे १२ जोडले की ९६ चौकोनांचं एक पांघरूण होतं. वृद्धाश्रमात विचारून आलेय, त्यांना चार हवीत. चेन्नईत २०१६ च्या जानेवारीत बायकांनी असेच तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण केलं होतं, मग ते सुटं करून गरजूंना वाटलं. त्यापुढे माझी चार म्हणजे काहीच नाही, पण लोकर तिची आहे.

आता एक अडलंय. मोज्याची टाच वळवून पुढे पावलाकडे जाताना दोन्ही कोपऱ्यांत भोक पडतं. आईच्या अर्ध्या मोज्यात टाचेच्या आधीच काम थांबलंय, त्यामुळे ती काय करायची ते बघताही येत नाही. कोणाला येत असेल तर सांगा ना.

क्रोशावेडी

ताई, कोपऱ्यावर दोन टाक्यांच्या मधे एक आडवा धागा दिसेल. तो डाव्या सुईवर उचलून घ्या आणि मागच्या बाजूने सुई घालून पिळून विणा. पुढच्या ओळीत तो वाढीव टाका शेजारच्याबरोबर दोनाचा एक करून टाका. भोक बंद होतं. माझी आजी असंच करायची.

लष्करची लेक, ग्वाल्हेर

आत्ताच करून पाहिलं. डाव्या कोपऱ्यात जमलं, उजव्या कोपऱ्यात धागा थोडा सैल राहिला. उसवून पुन्हा करते.