शब्दचर्चा : खापर, ठपका आणि ग्रीसचं कर्ज

पाणवठा : ग्रीसच्या कर्जसंकटावर दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे आणि एका वाक्यापाशी अडकले आहे. 'जर्मनीने ग्रीसला दोष दिला, ग्रीसने जर्मनीला' हे फार मुळमुळीत वाटतं. इथे 'खापर फोडलं' म्हणावं की 'ठपका ठेवला'? संपादक म्हणतात, काहीही चालेल. मला ते पटत नाही. दुसरं म्हणजे, त्या काळात उत्तर आणि दक्षिण युरोप एकमेकांपासून तुटत गेले. त्याला काय म्हणावं? 'फूट खोल झाली' असं लिहून खोडलं.

जुनं दप्तर : संपादकांचं ऐकू नका. ठपका ठेवायला अधिकार लागतो आणि त्याआधी चौकशी लागते. चौकशी समिती ठपका ठेवते, लेखापरीक्षक ठेवतात. शेजारी ठेवत नाहीत. खापर फोडायला यातलं काहीच लागत नाही, फक्त एक डोकं लागतं. 'आळ' बहुधा खोटाच असतो, म्हणून 'आळ आला' म्हटलं की ऐकणारा आपोआप आरोपीच्या बाजूला झुकतो. आणि 'बोल लावायचा' तो नशिबाला.

तुमच्या विषयात दोन्ही शब्दांना जागा आहे, फक्त वेगवेगळ्या. ऑक्टोबर २००९ मध्ये ग्रीसमध्ये सत्तेवर आलेल्या पापांद्रेऊ सरकारने सांगितलं की अर्थसंकल्पातली तूट आधी दाखवली होती त्यापेक्षा कितीतरी मोठी, राष्ट्रीय उत्पन्नाच्या १२ टक्क्यांच्या वर आहे. युरोच्या नियमात मर्यादा ३ टक्क्यांची. जानेवारी २०१० मध्ये युरोपियन कमिशनने ग्रीसच्या आकडेवारीवर अहवाल काढून ताशेरे ओढले. हा ठपका. पुढच्याच महिन्यात जर्मनीतल्या 'फोकस' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर व्हीनसचा पुतळा मधलं बोट दाखवताना छापला आणि वर मथळा दिला, 'युरो-कुटुंबातले भामटे'. हे खापर.

नाखवा : आक्षेप. ग्रीसने हिशेबात गडबड केली होती ना? मग खापर कसं? खापर निरपराधाच्या माथी फुटतं.

जुनं दप्तर : निरपराधच असावा लागतो असं नाही हो. ज्याने झेल सोडला त्याने तो सोडलेलाच असतो. पण अकराजणांच्या पराभवाचं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फुटतं. खापरात खोटेपणा असेलच असं नाही, वाटणी मात्र चुकलेली असते. ग्रीसची अर्थव्यवस्था सगळ्या युरोक्षेत्राच्या तीन टक्क्यांच्याही आतबाहेर. वर्षानुवर्षं कर्ज दिलं कोणी? त्यात फ्रेंच आणि जर्मन बँका पुढे होत्या. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचं पहिलं साहाय्य जाहीर झालं, त्यातला मोठा वाटा जुन्या धनकोंची देणी भागवण्यातच गेला. ऐपत न बघता कर्ज देणाऱ्याचा दोष कोणत्या मथळ्यात आला?

अर्धविराम : मी श्टुटगार्टजवळ राहतो, म्हणून थोडी भर. जर्मन भाषेत 'शुल्ड' म्हणजे अपराध आणि 'शुल्डेन' म्हणजे कर्जं. एकच धातू, एकच चव. आपल्याकडे 'ऋण' नेमकं उलट्या दिशेला गेलं. सत्कारात लोक 'तुमच्या ऋणातच राहू इच्छितो' म्हणतात, 'तुमच्या कर्जात' कुणी म्हणत नाही. पण या एका शब्दावरून जर्मनांचं अख्खं अर्थकारण उलगडून दाखवणारे लेख तेव्हा ढिगाने आले, ते मला अतिच वाटले. १९५३ च्या लंडन करारात जर्मनीचंच जवळजवळ निम्मं कर्ज माफ झालं होतं. माफ करणाऱ्या देशांत ग्रीसही होता. तेव्हा 'शुल्ड' शब्द आड आला नाही!

पाणवठा : हा लंडन करार लेखात घेतेच. मग ग्रीसला 'दिवाळखोर' म्हणू की 'नादार'?

जुनं दप्तर : नादार म्हणजे ज्याच्याकडे नाही तो. त्यात शिवी नाही. दिवाळखोरीत उधळपट्टीचा वास आहे, म्हणून तो शब्द भाषणात शोभतो. २०१७ मध्ये युरोगटाचे, म्हणजे युरो वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या गटाचे, अध्यक्ष डायसेलब्लूम दारू आणि बायांवर पैसे उडवून मग मदत मागण्याबद्दल जे बोलले, ते दिवाळखोर म्हणणाऱ्याचं बोलणं. लेखिकेने नादार लिहावं.

कोरांटी : 'खापर' म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा, संस्कृत कर्पर किंवा खर्पर. आता गंमत पाहा. अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लोक खरोखरच खापरं घेऊन जमायचे. नको असलेल्या पुढाऱ्याचं नाव खापरीवर कोरायचं आणि टाकायची. त्या खापरीला ते 'ऑस्ट्राकॉन' म्हणत. पुरेशी मतं पडली की तो माणूस दहा वर्षं हद्दपार. आरोपपत्र नाही, बचावाचं भाषण नाही, मालमत्ताही जप्त नाही. म्हणजे शंभर टक्के खापर, ठपका शून्य. (आपल्या वाक्प्रचाराशी याचा व्युत्पत्तीने काहीही संबंध नाही हे आत्ताच सांगते, नाहीतर उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेल.)

प्लुटार्क या प्राचीन चरित्रकाराने अथेन्सचा पुढारी अरिस्टायडीस याची गोष्ट सांगितली आहे. एका निरक्षर माणसाने त्याला न ओळखता त्याच्याच हाती खापरी दिली आणि 'अरिस्टायडीस' लिहून दे म्हणाला. त्याने तुझं काय वाकडं केलं, असं विचारल्यावर उत्तर आलं : काही नाही, जो तो त्याला 'न्यायी, न्यायी' म्हणतो, ते ऐकून कंटाळलोय. अरिस्टायडीसने नाव लिहून दिलं. त्याहून बोलका पुरावा अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत सापडला. थेमिस्टोक्लीस या दुसऱ्या पुढाऱ्याचं नाव कोरलेल्या १९० च्या आसपास खापऱ्या, आणि अक्षर मोजक्याच हातांचं. म्हणजे वाटण्यासाठी आधीच तयार करून ठेवलेल्या.

नाखवा : कोरांटीताई, मानलं. आक्षेप मागे. पण मग ग्रीसने ग्रीसमध्येच फोडलेलं खापरही लेखात येऊ द्या. २०१० मध्ये आंद्रेआस गेओर्गिऊ सांख्यिकी संस्थेचे प्रमुख झाले आणि त्यांनी तुटीचे आकडे नीट लावले. त्यांच्यावरच तूट मुद्दाम फुगवल्याचा आरोप ठेवून वर्षानुवर्षं खटले चालले. युरोपची सांख्यिकी कचेरी मात्र त्यांचे आकडे ग्राह्य धरत राहिली. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली होती. लोकांना चेहरा हवा होता, तो मिळाला.

अर्धविराम : आणि त्याच वर्षी, ग्रीसला कर्ज देणाऱ्यांपैकी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आपल्या अहवालात मान्य केलं की मंदी किती तीव्र होईल याचा आपला अंदाज चुकला. स्वतःवरच ठेवला तर तो ठपका म्हणायचा का?

जुनं दप्तर : ती कबुली. दरम्यान बाईंचा दुसरा प्रश्न राहिलाच. फूट पडते, पाडतात. ती खोल होत नाही. दरी रुंदावते, तेढ वाढते, वितुष्ट येतं. फूट म्हटलं की कुणीतरी बाहेर पडलं असं वाटतं, आणि ग्रीस तर युरोतच राहिला. ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्के लोक धनकोंच्या अटींना 'ओही' म्हणजे नाही म्हणाले, आणि आठवड्याभरात ब्रुसेल्समधल्या रात्रभराच्या बैठकीत त्याहून कडक अटी ग्रीसचे तेव्हाचे पंतप्रधान सिप्रास यांना मान्य कराव्या लागल्या. त्या बैठकीत जर्मनी, फिनलंड, स्लोव्हाकिया एका बाजूला, फ्रान्स आणि इटली दुसऱ्या. घर एकच, फळ्या दोन. ही दुफळी. सरकारांमध्ये दुफळी आणि लोकांमध्ये तेढ, असं मी लिहीन.

पाणवठा : लिहिलं : 'कमिशनने ग्रीसच्या हिशेबावर ठपका ठेवला, वृत्तपत्रांनी सगळ्या युरोचं खापर ग्रीसवर फोडलं. युरोगटात दुफळी माजली आणि लोकांमध्ये तेढ निर्माण झाली.' चालेल?

नाखवा : 'निर्माण झाली' काढा. ती पोलिसांच्या कलमातली तेढ आहे. 'वाढली' पुरे.