चर्चा: कॉलेजचा खर्च वाचवायचा तर फी बघायची की वर्षं?

हिशेबवही (धागाकर्ता)
मुलं कॉलेजच्या वयाला आली की घरोघरी फीचे तक्ते फिरू लागतात. माझ्या मते फी हा डोळ्यात भरणारा आकडा, पण सगळ्यात मोठा असेलच असं नाही. जर्मनीचं बघा. तिथली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवणी फी घेत नाहीत. तरीही बाहेरच्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी सहसा वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा). कशासाठी? राहण्या-खाण्यासाठी!

तेव्हा खरी बचत दोन ठिकाणी: घरी राहून शिकणं, आणि तीन वर्षांची पदवी तीनच वर्षांत उरकणं. वर्ष लांबलं की त्या वर्षाचा खर्च जातोच, वर एका वर्षाचा पगारही बुडतो. निवृत्तीचं वय ठरलेलं असेल तर बुडणारा पगार सुरुवातीचा नसतो, शेवटचा आणि सगळ्यात मोठा असतो. माहितीपत्रकात हे कोण छापणार?

पायवाट
दुसरा मुद्दा मान्य, पहिल्याला सपशेल विरोध. घरी राहणं फुकट आहे हे कुणी सांगितलं? दोन तास जायचं, दोन तास यायचं. प्रॅक्टिकल संपवून इतर मुलं ग्रंथालयात बसतात तेव्हा तुमचं पोर घड्याळ बघत गाडी गाठायला पळतं. मग विषय राहतो, वर्ष लांबतं. म्हणजे तुमच्या पहिल्या उपायानेच दुसऱ्याचा बळी घेतला.

हिशेबवही
घर लांब असेल तर नाही, हे लिहायला हवं होतं. तासाभराच्या आत असेल तरच.

रोखठोक
या असल्या काटकसरीनेच मुलं मागे पडतात. चांगलं कॉलेज मिळत असेल तर सरळ कर्ज काढा. नोकरी लागली की फिटतं. सोबतची मुलं, ओळखी, कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या, याची किंमत तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात मांडता?

हिशेबवही
मांडता येत नाही, कबूल. पण "फिटतं" म्हणजे किती ते मांडता येतं. पहिल्याच दिवशी १०० रुपये उचलले, व्याज १० टक्के, शिकण्याची ३ वर्षं आणि पुढे १ वर्ष हप्त्याला सूट. सरळव्याजाने ४० चढले. ते मुदलात मिळवून १४० वर १० वर्षांचे मासिक हप्ते बांधले की हातचे साधारण २२२ जातात. तेच व्याज शिकतानाच भरत राहिलात तर ४० अधिक १०० चे साधारण १५९, म्हणजे १९९. सूट हप्त्याला असते हो, व्याजाला सहसा नसते. सह्या करताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

रोखठोक
ज्याच्या घरी दरमहा व्याज भरायची ऐपत आहे त्याला हा सल्ला. ज्याला नाही तो कर्जच काढतोय ना?

खडूधारी
शिकवण्याच्या पेशात आहे म्हणून तिसऱ्याच वाटेबद्दल लिहितो: आधी स्वस्त कॉलेज, मग मोठं विद्यापीठ. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजांमुळे ही वाट रुळलेली आहे: तिथे दोन वर्षं, मग विद्यापीठात दोन. गोम क्रेडिटमध्ये, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांच्या जमा गुणांकांत असते. नवं विद्यापीठ क्रेडिट "स्वीकारतं", पण कधीकधी नुसतं ऐच्छिक विषय म्हणून. पदवीला लागणारा सांख्यिकीचा पेपर पुन्हा द्यायचा तो द्यायचाच. वाचवलेले पैसे मग वाढीव सेमिस्टरमध्ये जातात. कुठला विषय कशाच्या बदल्यात धरणार, हे पहिल्या कॉलेजात नाव घालायच्या आधी लेखी घ्या. तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही.

मधलंबाक
+१. शिष्यवृत्तीचंही तेच. प्रवेशाच्या वेळी अर्धी फी माफ म्हणून घरात पेढे, आणि खाली बारीक अक्षरात "अमुक गुण टिकवल्यास". काही ठिकाणी सवलत फक्त पहिल्या वर्षाची असते. चार वर्षांची बेरीज मागा, पहिल्या वर्षाचा आकडा नको.

अवांतर: पुस्तकांवर उगाच खर्च करू नका. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सवर भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र वगैरे पायाभूत विषयांची पाठ्यपुस्तकं फुकट आहेत, इंग्रजी चालत असेल तर.

रोखठोक
पुस्तकांत किती वाचणार? चिल्लर.

मधलंबाक
ज्याच्याकडे नोटा नाहीत तो चिल्लरच मोजतो.

पायवाट
@हिशेबवही, वेळेत संपवा म्हणता, पण शाखाच चुकली असेल तर? पहिल्या वर्षानंतर बदलली तर एक वर्ष जातं, न बदलता रखडलं तर दोन-तीन. तुमच्या नियमाला चिकटून मुलं नको त्या पदव्या वेळेत पूर्ण करतील.

हिशेबवही
बदलायची तर पहिल्याच वर्षात बदला, तोवर दोन्हीकडे चालतील असे सामायिक विषय घ्या. तिसऱ्या वर्षी शाखा बदलायला निघालेल्याला मात्र मी आधी ही पदवी संपव म्हणेन.

पायवाट
इथे आपलं जमणार नाही. मी तिसऱ्या वर्षीही बदल म्हणेन.