गोळीने आठवण परत येते का?

"गोळ्या सुरू करून सहा महिने झाले, तरी आईला काही आठवत नाही," असं वर एकांनी लिहिलंय. डोनेपेझिल, म्हणजे अल्झायमरच्या विसरण्यावर देतात ती गोळी, गेलेलं परत आणत नाही हो. मेंदूत कमी पडणारं ॲसिटिलकोलीन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) थोडं टिकवून धरते, एवढंच. पेशी मरायच्या थांबत नाहीत.

सासूबाई दादरला आमच्याकडे असतात. दिवेलागण झाली की पिशवी घेऊन दारात उभ्या: "गिरगावात जायचंय, दूध तापवायचं राहिलंय." ती चाळ पाडून वीस वर्षं झाली! समजवायला गेलं की चिडायच्या. आता मी म्हणते, "चहा घेऊन निघू." कप रिकामा होईपर्यंत गिरगाव मागे पडलेलं असतं.

आणि हो, तुमच्या आईंचं व्हिटॅमिन बी१२, थायरॉइड तपासलंत ना? त्यात बिघाड असला तरी विसरायला होतं, आणि त्यावर उपचार आहेत.